दुरुस्ती कोणी करायची?

मी पुण्यात टिळक रोडवरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात उभी हयात ड्राफ्टिंगचं काम केलं. माझ्या टेबलावरून जास्त करून जुने वाडेच गेले. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव. वाडा पाडून तिथे सोसायटी उभी करायची ठरली की आधी असलेल्या बांधकामाचा मोजणी नकाशा काढावा लागतो. कोणत्या भाडेकरूकडे किती जागा आहे, हे त्यावरून ठरतं. टेप, वही आणि टॉर्च घेऊन मी आणि ऑफिसातला एखादा मुलगा जायचो, खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, मोजायचो, माळ्यावर चढून तुळया बघायचो. मग टेबलाशी बसून ट्रेसिंगवर शाईनं सगळं उतरवायचं. मी काढलेल्या वाड्यांपैकी बहुतेक आज जागेवर नाहीत. ताजमहाल हॉटेलबद्दल लिहिताना हे आधी सांगायला हवं, कारण मी ते हॉटेल याच डोळ्यांनी पाहिलं.

मुक्काम लेकीनं ठरवला. २०१० च्या दिवाळीत मी रिटायर झाले तेव्हा तिनं विचारलं, "आई, तुला काय हवंय ते सांग." मला मुंबईच्या ताजमध्ये राहायचं होतं, तेही जुन्या बाजूला, शेजारच्या नव्या टॉवरमध्ये नाही. आणि लेकीच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, बरोबर न्यायचं होतं. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कसब्यात वाढली, लग्न होऊन कसब्यातच चार गल्ल्या पलीकडे गेली. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत.

सव्वासातच्या डेक्कन क्वीननं गेलो. सीएसटीला उतरल्यावर मी आईला बाहेर फुटपाथवर थोडं थांबवलं, मागे वळून स्टेशन बघायला लावलं. ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं काम, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या हाताखाली राहून ज्यांनी हे काम पाहिलं, त्यांच्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. स्टेशन १८८८ मध्ये पुरं झालं. दहा वर्षांनी जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावर हॉटेल बांधायला काढलं, तेव्हा आराखड्याचं काम वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्याकडे आलं. हॉटेल उभं राहिलेलं बघायला वैद्य राहिले नाहीत, डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरनं ते तडीला नेलं. ताजसमोर फोटो काढणाऱ्यांपैकी कोणालाही विचारा, वैद्यांचं नाव क्वचितच कोणी सांगेल. उलट एक दंतकथा सगळ्यांना पाठ असते: आर्किटेक्ट विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर इमारत उलटी बांधलेली, म्हणून त्यानं जीव दिला. ही गोष्ट साफ खोटी आहे. इमारतीचं तोंड आधी शहराच्या बाजूला होतं ते ठरवूनच. घोडागाड्या शहराकडून येणार, म्हणून दरवाजा तिकडे. बंदराचा वारा खोल्यांना मिळायला हवा, म्हणून खोल्या समुद्राकडे. नकाशा समोर ठेवला तर हे लगेच कळतं. इंग्रजी यू अक्षरासारखी इमारत, तिची पाठ समुद्राला, आणि मधल्या मोकळ्या जागेतून आत शिरायचं. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. विचार करून काढलेल्या नकाशाला लोक चूक म्हणतात आणि तो काढणाऱ्याच्या नावावर आत्महत्या लावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट आईला टॅक्सीत सांगितली. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. तेव्हा समोर गेटवे नव्हतं. गेटवेचा पायाच १९११ चा आणि उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये झालं. म्हणजे एकवीस वर्षं ही इमारत बंदराकडे एकटीच बघत होती. बोटीतून येणाऱ्याला आधी हा घुमट दिसायचा. आईनं विचारलं, "मग एवढं मोठं हॉटेल कशाला बांधलं, त्या वेळी?" प्रश्न बरोबर होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात. आईची आजी प्लेगमध्ये घर सोडून शहराबाहेर झोपड्यांत राहायला गेल्याच्या गोष्टी सांगायची. मुंबईतून माणसं पळत होती, व्यापार बसला होता, आणि अशा वेळी, १८९८ मध्ये, जमशेटजींनी हॉटेल बांधायला घेतलं. विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे, टर्किश बाथ. उघडल्यावर पाच महिन्यांनी, मे १९०४ मध्ये, जमशेटजी जर्मनीत वारले.

हॉटेलच्या दाराशी सामान मशीनमधून जातं, माणसं चौकटीतून. आईची पर्स उघडून बघितली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडं काही आलं आणि मग तिनं स्वतःच ती पुढे केली. का तपासतात हे तिला कोणी सांगायला नको होतं.

आत आल्यावर टॉवरच्या लॉबीतून जुन्या बाजूला जावं लागतं. तो सांधा मला आधी बघायचा होता. टॉवर १९७३ चा, पॅलेस, म्हणजे जुनी बाजू, १९०३ चा, मध्ये सत्तर वर्षं. जमिनीचा दगड बदलतो, छताची उंची बदलते, आवाज बदलतो. बोलणं एकदम हळू होतं, कारण कॉरिडॉरला गालिचे आहेत आणि भिंती जाड आहेत. आणि मग तुम्ही जिन्यापाशी येता.

जिन्याबद्दल मी लांबण लावणार आहे.

मधला जिना घुमटाच्या बरोबर खाली आहे. दोन्ही अंगांनी वर येतो, मध्ये जमशेटजींचा अर्धपुतळा, आणि पुन्हा वर. प्रत्येक मजल्यावर त्या पोकळीभोवती गॅलरी फिरते आणि वरून उजेड पार खालपर्यंत येतो. पायऱ्या भिंतीत रोवून पुढे काढलेल्या आहेत. बाहेरच्या टोकाला खालून आधार नाही. ड्राफ्टिंग करणाऱ्याला हे बघून हात शिवशिवतात. वाड्यातला जिना आम्ही काढायचो तो भिंतीच्या पोटातला, एक माणूस जेमतेम जाईल असा, अंधारा, उंच पायऱ्यांचा. वर जाताना दोर धरायचा. तो तसा असायचा त्यालाही कारण होतं: वाडा राखायचा असायचा, आणि अरुंद जिना एका माणसाला राखता येतो. इथला जिना वेगळ्या कामाचा. इथे वर जाणारा आणि खाली येणारा एकमेकांना दिसला पाहिजे, थांबून बोलता आला पाहिजे. पायऱ्या बुटक्या आणि रुंद. आई लिफ्टनं जाईल असं मी धरून चालले होते. तिनं कठड्याला हात लावला, एक पाय टाकला आणि म्हणाली, "ह्या मला चढवतील." एक मजला ती चढली. माझ्या हिशेबात जिन्याची याहून मोठी परीक्षा नाही.

वर पोचल्यावर तिनं गॅलरीतून खाली वाकून बघितलं. "अगं, हा चौकच आहे की. नुसता एकावर एक ठेवलाय." मी इतकी वर्षं सेक्शन, म्हणजे इमारतीचे उभे छेद, काढले आणि मला ते तसं सुचलं नव्हतं. चारी बाजूंनी खोल्या, मध्ये मोकळं, वरून उजेड, कुठूनही कुठलंही माणूस दिसतं. वाड्याच्या चौकात तुळशीपाशी उभं राहून माडीवरच्या माणसाशी बोलायचो तसं इथंही खालच्या मजल्यावरून वर बोलता येईल.

कठडा लोखंडी आहे, वर लाकडाची मूठ. मी तिच्यावरून हात फिरवत गेले. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे बोटाला कळतं का, ते बघत होते. जिन्यावर मला सांधा सापडला नाही. वरच्या मजल्यांवर मात्र फरक आहे, आणि तो असायलाच हवा, कारण वरचा मजला जळला होता.

अतिरेक्यांनी ताजवर हल्ला केला त्या, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आम्ही सगळे टीव्हीपुढे होतो, तुम्हीही असाल. २९ तारखेच्या सकाळी ते संपलं. मधल्या काळात घुमटाशेजारच्या खिडक्यांतून ज्वाळा निघताना परत परत दाखवत होते. मला त्या वेळी माणसांच्या पाठोपाठ एक विचार आला होता आणि तो बोलून दाखवायची लाज वाटली होती: छताला लाकूड किती आहे? किती खालपर्यंत जळेल? जळत्या इमारतीवर जे पाणी मारतात ते खालच्या मजल्यांच्या भिंतींत मुरतं, आणि आगीनं वाचलेलं पाण्यानं जातं. पानशेत धरण फुटून पूर आला त्या वेळी हे पुण्यानं पाहिलंय. १२ जुलै १९६१. नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्याच्या लोंढ्यानं पडले तेवढेच नाहीत. पाणी ओसरल्यावर, भिंतीतली पांढरी माती भिजून सुटल्यावर, पुढच्या दिवसांतही पडत राहिले. आई त्यातून गेली आहे. टीव्हीवर बंब पाणी मारताना बघून तीच म्हणाली होती, "खालचं आता सगळं भिजलं."

लॉबीत स्मारक आहे. एकतीस नावं. हॉटेलात मारल्या गेलेल्या माणसांची. त्यात पाहुणे आहेत आणि तिथे काम करणारेही. आईनं चष्मा लावून सगळी नावं वाचली, पुटपुटत. मेजर संदीप उन्नीकृष्णन याच इमारतीत अतिरेक्यांशी लढताना गेले. आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो. जवळून सामानाच्या गाड्या जात होत्या, लहान मुलं पळत होती, आणि मला ते बरोबर वाटलं. पुण्यात फेब्रुवारी २०१० मध्ये कोरेगाव पार्कातल्या ज्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला, ती तेव्हा बंदच होती. तिच्यावरून जाताना मी दर वेळी मान फिरवायचे. ताजचा टॉवर एका महिन्याच्या आत, २१ डिसेंबर २००८ ला, परत उघडला होता. पॅलेसला एकवीस महिने लागले; तो १५ ऑगस्ट २०१० ला उघडला.

खोली जुन्या बाजूला, समुद्राकडची मिळाली. खिडकी उघडत नाही, एसीसाठी बंद केलेली आहे. एवढी एक गोष्ट मला खटकली. वाऱ्यासाठी ज्यानं अख्खी इमारत समुद्राकडे वळवली, त्याच्या खिडकीतून वारा येत नाही. कारण समजतं. पण एखादी तरी तावदानाची फळी उघडती ठेवायला हवी होती असं माझं मत आहे. बाकी खोलीत मी शोधायला गेले ते सांधेच: भिंत आणि छत मिळतात तिथली नक्षी सरळ आहे का, चौकट भिंतीला घट्ट बसली आहे का, न्हाणीघरात फरशीचा उतार मोरीकडे आहे का. उतार चोख होता. हसू नका, फरशीचा उतार चुकला की पाणी भिंतीच्या पायाशी साचतं आणि मग कितीही रंग लावा, पापुद्रे सुटणारच. वाड्यातल्या बहुतेक भिंती मोरीपासून मरायला लागतात.

संध्याकाळी खोली आवरायला आलेली मुलगी सावंतवाडीकडची निघाली. आईशी तिचं लगेच जमलं. "आजी, उशी एवढी उंच चालेल ना? नाहीतर पातळ देते." आईनं तिला विचारलं की रोज हे एवढं सगळं पुसता का. तिनं सांगितलं, पुसतोच, पण पुसताना बघायचं असतं. कुठे डाग पडला, कुठे लाकूड फुगलं, कुठे नळ ठिबकतोय, ते खाली कळवायचं, आणि पाहुणा बाहेर गेला की लगेच माणूस येतो. हे ती अगदी सहज बोलली. मी मात्र ते वहीत लिहून घेतलं.

पहाटे मला जाग येते. आई झोपली होती, मी गॅलरीत गेले. मजल्यावर कोणी नव्हतं, फक्त एक माणूस शिडीवर बसून कमानीजवळच्या नक्षीवर बारीक ब्रशनं काम करत होता, खाली कापड अंथरलेलं. मी विचारलं, नवीन काम चालू आहे का? तो म्हणाला, "नवीन नाही मावशी, हे कायमचंच. हा मजला झाला की पुढचा, शेवटचा झाला की परत पहिला." तो साताऱ्याकडचा. वडील रंगकाम करायचे. मी माझं काम सांगितल्यावर खाली उतरला आणि कुठे कसं भरलंय ते दाखवलं. जाताना म्हणाला, "इथं उद्यावर ढकलता येत नाही. संध्याकाळी खोलीत माणूस असतो."

मला हॉटेलातलं सगळ्यात मोलाचं काही मिळालं असेल तर हे वाक्य. १९०३ पासून त्या खोल्यांत रोज संध्याकाळी माणूस असतो. पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचं लष्करी हॉस्पिटल होतं, तेव्हाही माणसंच होती. माणूस असतो म्हणून ठिबकणारा नळ कळतो, आणि त्या माणसानं रात्रीचे पैसे दिलेले असतात म्हणून नळ दुरुस्त करायला पैसे असतात. वापर आणि दुरुस्ती यांची गाठ तिथे सुटलेली नाही.

सी लाउंजमध्ये चहा घेतला. पहिल्या मजल्यावर, खिडक्यांतून गेटवे आणि बोटी. ते आधी होतं तसंच पुन्हा उभं केलंय. मुंबईतल्या अनेक घरांत मुलगा-मुलगीची पहिली भेट इथे व्हायची. आईनं शेजारच्या टेबलाकडे बघून मला हळूच सांगितलं, "तो मुलगा घाबरलाय बघ." खरंच दोन कुटुंबं बसली होती. चहा चांगला होता, भेळसुद्धा. दर विचाराल तर लेकीनं बिल दाखवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी आईला खोलीत बसवून एकटी काळा घोड्याला गेले. ताजपासून चालत थोडक्यात. मला वॉटसन्स हॉटेल बघायचं होतं, म्हणजे आताचं एस्प्लनेड मॅन्शन. ताजच्या कितीतरी आधी मुंबईतलं मोठं हॉटेल म्हणजे हे. १८६७ ते १८६९ मध्ये बांधलं. सगळा सांगाडा बिडाच्या लोखंडाचा, इंग्लंडात ओतून, बोटीनं आणून इथे जोडलेला. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियरचं डिझाइन. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावर काम केलेला माणूस. ७ जुलै १८९६ ला याच इमारतीत ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या, हिंदुस्थानातला सिनेमाचा पहिला खेळ. ज्या वर्षी प्लेग आला त्याच वर्षी.

त्या दिवशी ते बघवलं नाही. खांब उभे होते आणि अजूनही देखणे होते; मी एकाला हात लावून पाहिला, ओतकामाची नक्षी रंगाच्या थरांखाली बुजली होती, पण होती. वर सज्जे झुकलेले, लोखंडातून झाडं उगवलेली, पत्रे, प्लायवूड, वायरींची जाळी. २००५ मध्ये सज्जाचा काही भाग कोसळला आणि माणूस गेला. जगातल्या धोक्यात आलेल्या १०० वास्तूंच्या यादीत तिचं नाव २००६ साठी आलं होतं. तेव्हा आत भाडेकरू होते, बरेचसे वकील, कोर्ट जवळ म्हणून. मी जिन्यात शिरले आणि वास ओळखीचा वाटला. ओली भिंत, जुनी कागदपत्रं, बंद पडलेली मोरी. मी आयुष्यभर ज्या जिन्यांत टेप लावला त्यांचाच वास.

तिथे उभी असताना मला कसब्यातला आमचा वाडा आठवत होता. अकरा बिऱ्हाडं, मालक खाली समोरच्या खणांत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या दराशी बांधली होती. युद्धामुळे, फाळणीमुळे घरं मिळेनात, तेव्हा भाडेकरूला रस्त्यावर काढू नये म्हणून तो कायदा आला आणि त्या वेळी तो गरजेचाच होता. माझ्या वडिलांसारख्या कारकुनाचं बिऱ्हाड त्या कायद्यानं टिकलं. पण भाडं तिथेच राहिलं आणि चुना, वीट, सुताराची मजुरी वाढत गेली. मालक म्हणायचे, तुमच्या भाड्यात एक कौल येत नाही. बिऱ्हाडकरू म्हणायचे, घर मालकाचं, दुरुस्ती मालकाची. दोघंही खरं बोलत होते. पाऊस मधल्या मध्ये आत यायचा. आधी कौलांवर प्लास्टिक आलं, मग पत्रा. तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते, तिथे लाकूड कुजलं, आणि ते कोणाच्याच खोलीत दिसत नव्हतं, कारण ते टोक जिन्यावरच्या अंधारात होतं. पुढे कोर्ट, मग बिल्डर, मग मीच काढलेला मोजणी नकाशा. १९९९ च्या नव्या कायद्यानं थोडं बदललं, पण तोवर तो वाडा गेला होता.

वॉटसन्समध्ये तेच झालं होतं, फक्त सागवानाऐवजी बिडाचं लोखंड. दोन्ही हॉटेलं, एकाच बेटावर, चालत जाण्याच्या अंतरावर. एक जळलं, त्यात माणसं मेली, आणि ते आज उभं आहे. दुसऱ्याला कोणी काडीही लावली नाही.

लोक म्हणतात टाटांकडे पैसा आहे. आहेच. पैशाशिवाय तो वरचा मजला परत उभा राहिला नसता, हे मी नाकारत नाही. पण मी असे वाडे पाहिलेत जिथे मालकाकडे पैसा होता आणि वाडा पडला. आणि पुण्यातच, लक्ष्मी रोडवर, पूना गेस्ट हाउस आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केलेलं. ते काही ताज नाही. पण परगावचा माणूस आजही तिथे रात्री झोपतो, सकाळी खाली येऊन खातो, आणि म्हणून ते चालू आहे. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग, ते सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, कॉर्पोरेशननं दुरुस्त केले तेव्हा मी मुद्दाम जाऊन बघून आले होते. काम मनापासून केलेलं आहे. तरी तिथे मला नेहमी वाटतं की वरच्या दिवाणखान्यात रोज कोणी तरी बसायला हवं. बैठक, वाचनालय, लग्नाची बोलणी, काहीही.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. कर्जतला वडे घेतले. घाटात ती म्हणाली, "आपल्या वाड्याचा तो नकाशा आहे का गं तुझ्याकडे?" आहे. ऑफिस सोडताना साहेबांना विचारून मी माझ्या हातच्या ट्रेसिंगची एक गुंडाळी घरी आणली आहे. कसब्यातले, शनिवारातले, नारायणातले वाडे. प्लॅन, सेक्शन, काहींच्या कमानींचे आणि हस्तांचे, म्हणजे खालून आधार देणाऱ्या लाकडी टेकूंचे, मोठ्या मापातले तपशीलही. आमच्या वाड्याचा कागद मी काल जेवणाच्या टेबलावर पसरला. आईनं बोट ठेवून कोणत्या खणात कोण राहायचं ते सांगितलं, आणि मी पेन्सिलीनं नावं घातली. पावसाळ्याआधी सगळे स्कॅन करून घेणार आहे, लेकीनं हिंजवडीजवळ मोठ्या कागदाचा स्कॅनर असलेलं दुकान शोधून ठेवलंय.

आणि एक विनंती. पेठांत तुमचा, तुमच्या मामा-काकांचा, ओळखीच्यांचा वाडा अजून उभा असेल आणि पाडायचं ठरलं असेल, तर बिल्डरची माणसं यायच्या आधी मला कळवा. पाडू नका असं सांगायला मी येणार नाही. तुमच्या अडचणी मला माहीत आहेत, मी त्यातूनच आले. मी टेप आणि कागद घेऊन येईन, बरोबर आईला आणेन, बसायला एक खुर्ची तेवढी द्या. आणि अजून राहताच आहात, पाडायचा विचार नसेल, तर या रविवारी टॉर्च घेऊन जिन्यावरच्या अंधारात तुळईचं टोक बघा. बोटानं दाबून बघा. मऊ लागलं तर सुतार लगेच बोलवा, भाडं आणि मालकीचं भांडण नंतर करा.